चुकल्यावर नाही, जमल्यावर बोला!

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात वेळापूर नावाचं गाव आहे. अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन मंदिरासाठी ते ओळखलं जातं, तसंच खो-खोसाठीही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या पुरुषांनी नेपाळला 54-36 असं हरवलं, महिलांनी 78-40 असं. त्या जगज्जेत्या पुरुष संघात वेळापूरचा रामजी कश्यप होता. पलीकडे पंढरपूर तालुक्यात वाडीकुरोली आहे, तिथल्या मुलीही या खेळात नाव राखून आहेत.

अशा गावांत पोरं इतकी चपळ कशी होतात? माती, सराव आणि मेहनत तर आहेच. पण शरीराला एखादी गोष्ट शिकवायची म्हणजे नेमकं काय करायचं, यावर जगभर बरंच डोकं लढवलं गेलंय आणि त्यातून हाती आलेल्या काही गोष्टी भन्नाट आहेत. डॉल्फिनपासून सर्जनपर्यंत आणि भाकरीपासून नंदीध्वजापर्यंत त्यांची ही एक फेरी.

आठ जण बसलेले, सोळा डोळे उघडे

खो-खोचा एक नियम फार शहाणपणाचा आहे. खो देताना पाठीला हात लागला पाहिजे आणि त्याच क्षणी तोंडातून ‘खो’ निघाला पाहिजे. नुसता हात चालत नाही, नुसता शब्दही चालत नाही. बसलेल्या गड्याला एका क्षणात, शंकेला जागा न ठेवता कळतं की आता मी उठायचं. शरीराशी बोलायची हीच रीत आहे: आखूड, नेमकं आणि वेळेवर.

दुसरी गंमत बसलेल्यांची. पारंपरिक खेळात एक गडी धावतो आणि आठ जण चौकात बसून असतात. म्हणजे सरावात धावणाऱ्याच्या हालचाली बसलेले सोबती अगदी जवळून बघत असतात. हूल कुठे फसली, खुंटाशी सूर मारताना पाय कुठून सुटला, हे मैदानाबाहेरच्या सरांच्या आधी त्यांना दिसतं. हे बघणं चांगला प्रशिक्षक वाया जाऊ देत नाही. “तिचा उठताना पहिला पाय कुठला पडला, सांग बरं,” असं शेजारच्या मुलीला विचारलं की दोघीही शिकतात. जिला सांगितलं ती शिकते आणि जिला सांगण्यासाठी नीट बघावं लागलं तीही शिकते.

डॉल्फिनला ओरडून उपयोग नसतो

1960 च्या दशकात हवाई बेटांवरच्या सी लाइफ पार्कमध्ये कॅरन प्रायर डॉल्फिनना उड्या मारायला शिकवत होत्या. डॉल्फिनला पट्टी मारता येत नाही, कान धरता येत नाही आणि रागावलात तर तो सरळ पोहत निघून जातो. त्यामुळे एकच मार्ग उरतो. हवी ती हालचाल झाली की त्या क्षणी शिट्टी, आणि मागोमाग मासा. शिट्टीचा अर्थ असा: आत्ता जे केलंस ना, तेच! प्रायरबाईंचं यावरचं पुस्तक 1984 मध्ये आलं आणि कुत्र्या-घोड्यांना शिकवणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं.

त्याआधी 1951 मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांना शिकवण्यावर एक लेख लिहिला होता. त्यात त्यांनी खेळण्यातली टिकटिकी वापरायला सुचवलं होतं. आपल्याकडे जत्रेत मिळायचा तो पत्र्याचा बेडूक, दाबला की टिक्-टिक् करणारा, जवळपास तीच वस्तू. पुढे अमेरिकेत थेरेसा मॅकीऑन या जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही टिकटिक माणसांच्या पोरांसाठी वापरायला घेतली. पद्धतीचं नाव टॅगटीच. यात मासा किंवा खाऊ लागतोच असं नाही. बरोबर जमल्याची खूण मिळणं हेच मुलांना पुरतं.

आवाजच का? विचार करा, मुलगी कोलांटी मारतेय. “शाब्बास गं, आत्ता हनुवटी छान आत घेतलीस” हे वाक्य संपेपर्यंत तिची हनुवटी बाहेर आलेली असते, ती उभी राहिलेली असते आणि ओढणीची गाठही सारखी करून झालेली असते. शाबासकी नक्की कशाची, हे तिच्या शरीराला कळणार कसं? टिकटिक मात्र हनुवटी आत असतानाच वाजते.

पाच शब्दांची मर्यादा

टॅगटीचमधला मला सगळ्यात आवडलेला नियम हा. सूचना एका वेळी एकच असावी. ती काय करायचं ते सांगणारी असावी, काय करायचं नाही ते नव्हे. डोळ्यांना दिसेल अशी असावी. आणि पाच शब्दांत बसावी.

‘वाकू नको’ ही सूचना बाद, कारण वाकायचं नाही तर करायचं काय? ‘नजर समोरच्या खुंटावर’ चालेल. ‘जोर लाव’ बाद, कारण जोर दिसत नाही. ‘टाच उचललेली’ चालेल. ‘नीट खेळ’ तर सगळ्यात आधी बाद. शाळेच्या मैदानावर जाऊन दहा मिनिटं ऐकत उभं राहिलं तर या कसोटीला उतरणाऱ्या सूचना किती मिळतील, याची कल्पना आपल्या प्रत्येकाला आहे.

आणि यात मुलांच्या जोड्या लावता येतात. एक करणार, दुसरी बघणार. बघणारीचं काम एवढंच: टाच उचललेली दिसली की टिक् वाजवायचं, नाही दिसली की गप्प राहायचं. चूक सांगायची नाही, सल्ला द्यायचा नाही. मग भूमिका बदलायच्या. आठवीतल्या मुली एकमेकींना शिकवताना भांडणं का होतात? कारण सल्ल्यातून टोमणा निघतो. टिक् मधून टोमणा काढता येत नाही.

चानकी

आता मैदान सोडून चुलीपाशी येऊ. मंगळवेढ्याची ज्वारी म्हणजे सोलापूरकरांचा अभिमान. 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि त्या ज्वारीची भाकरी थापणं हे हाताच्या कौशल्यांमधलं एक अवघड काम आहे. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नसतो, म्हणून पिठात कढत पाणी घालून ते हातानं रगडून रगडून मळावं लागतं. मग परातीत पीठ भुरभुरून गोळा ठेवायचा आणि तळव्यानं, बोटांनी थापत थापत तो फिरवायचा. इथेच नवख्याची फजिती होते. जोर मधे पडला की मधे पातळ, कडेला जाड. हात कोरडा पडला की कडा फाटतात. परातीतून उचलताना तुकडा पडतो तो वेगळाच.

अशा कामात पोरीला थेट मोठ्या भाकरीला कुणी बसवत नाही. (पोरालाही बसवावं, हात दोघांचेही सारखेच असतात.) आई लिंबाएवढा गोळा काढून देते. त्याची होते चानकी, तळहाताएवढी भाकरी. ही चानकी म्हणजे अर्धवट काम नाही, हे नीट बघण्यासारखं आहे. मळणं, थापणं, तव्यावर टाकणं, वरून पाणी फिरवणं, उलथणं, विस्तवावर फुगवणं, सगळं त्यात आहे. फक्त आकार असा की जमण्याची शक्यता जास्त. मानसशास्त्राच्या पुस्तकांत याला वर्तनाला हळूहळू आकार देणं म्हणतात. घरोघरच्या बाया ते पुस्तकांच्या आधीपासून करत आल्यात.

आणि टिकटिक? ती भाकरी स्वतःच देते. पाणी सुकल्यावर योग्य वेळी उलथली, दुसरी बाजू नीट शेकली, की विस्तवावर भाकरी टम्म फुगते. कडेला चीर राहिली असेल तर वाफ तिथून निसटते आणि भाकरी बसते. निकाल तिथल्या तिथे. कुणी रागवायची गरज नाही की कौतुकाचं भाषण करायची. फुगलेल्या पहिल्या चानकीकडे बघणाऱ्या पोरीचा चेहरा बघा, ती दुसरा गोळा मागणारच. पुढे हाच हात सरावत सरावत सोलापूरच्या प्रसिद्ध कडक भाकरीपर्यंत पोचतो, पापडासारखी पातळ आणि दिवसेंदिवस टिकणारी.

“कौतुक केलं की पोरं बिघडतात”

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. 1960 च्या दशकात इस्रायलच्या हवाई दलातल्या एका प्रशिक्षकानंही ते मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांना ऐकवलं होतं. काहनेमन तिथल्या प्रशिक्षकांना शाबासकीचं महत्त्व सांगत होते. हा प्रशिक्षक म्हणाला, माझा अनुभव उलटा आहे. कसरत छान केली म्हणून कौतुक करावं तर पुढची कसरत बिघडते. वाईट केली म्हणून झापावं तर पुढची सुधारते.

त्याचं निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष चुकीचा. कुणाचीही फार छान झालेली एक खेप थोडी नशिबाचीही असते, त्यामुळे पुढची बहुधा तिच्यापेक्षा कमी पडते. फार वाईट झालेली खेपही तशीच, पुढची बहुधा बरी निघते. यात कौतुकाचा दोष नाही आणि झापण्याचा गुणही नाही. काहनेमननी हे तिथेच करून दाखवलं: जमिनीवर खूण केली आणि प्रशिक्षकांना तिच्याकडे पाठ करून दोन-दोन नाणी मागे फेकायला लावली. पहिल्या फेकीत जवळ गेलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्या फेकीत लांब गेले, लांब गेलेले जवळ आले. कुणी कुणाला झापलं नव्हतं.

पुढे 2002 मध्ये काहनेमनना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण मला विचाराल तर त्यांचा हा नाण्यांचा खेळ प्रत्येक डी.एड., बी.पी.एड. वर्गात एकदा खेळवायला हवा. रागावणं कामी येतं असं आपल्याला आयुष्यभर वाटत राहतं, कारण आकड्यांची ही चाल आपल्याला दिसत नाही.

चांगल्या फेकीचा हिशेब सांगा

2007 मधला एक प्रयोग. सूझेट चिव्हियाकोव्स्की आणि गॅब्रिएल वुल्फ या दोघी संशोधकांनी लोकांना डोळे झाकून छोट्या पिशव्या निशाण्यावर फेकायला लावल्या. दर सहा फेकींनंतर एका गटाला त्यांच्या सर्वांत चांगल्या तीन फेकींची माहिती दिली, दुसऱ्याला सर्वांत वाईट तीन फेकींची. गटांना याचा पत्ता नव्हता. नंतर काहीही न सांगता परीक्षा घेतली, तेव्हा चांगल्या फेकींबद्दल ऐकलेला गट पुढे होता. चूक दाखवल्याशिवाय सुधारणा होत नाही, असं मानणाऱ्यांना हा निकाल पचायला जड जातो.

पण नुसती वाहवा नको

अमेरिकेतले बास्केटबॉलचे थोर प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या संघानं राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा 10 वेळा जिंकली. 1974-75 च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला येऊन बसले आणि ते काय काय बोलतात ते टिपत गेले. 2,326 नोंदी झाल्या. त्यातलं कौतुक सुमारे 7 टक्के. नाराजीही जवळजवळ तेवढीच. आणि 75 टक्के? निव्वळ माहिती: काय कर, कसं कर, कधी कर.

म्हणजे ‘वा वा’ची खैरात करून कुणी शिकत नाही. टिकटिक उपयोगी पडते ती गोड वाटते म्हणून नव्हे, ती नेमकी माहिती देते म्हणून. ‘तू हुशार आहेस’ हे कौतुक तर घातकही ठरू शकतं. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांच्या 1998 च्या प्रयोगांत, हुशारीची वाहवा ऐकलेली मुलं अपयश आल्यावर लवकर खचली. प्रयत्नांचं कौतुक ऐकलेली टिकून राहिली.

विहीर, भोपळा आणि भित्रा मित्र

गावाकडे पोहणं शिकायची जागा म्हणजे विहीर. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा पत्र्याचा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक वर काकांच्या हातात. दोर हळूहळू सैल होत जातो, आणि एके दिवशी डबाही सुटतो. आधार असा टप्प्याटप्प्यानं काढून घेणं हे उत्तम शिक्षण आहे. पाठीमागून ढकलून देणं हे नाही, आणि ढकललेल्या पोरांपैकी काहींनी आयुष्यभर पाण्याला पाठ फिरवली हेही आपल्याला माहीत आहे.

पाण्याला घाबरणाऱ्या 5 ते 8 वर्षांच्या 24 मुलांवर 1998 मध्ये एक अभ्यास झाला. काहींना सफाईदार पोहणारं मूल दाखवलं. काहींना आधी घाबरणारं आणि मग हळूहळू धीर धरणारं मूल दाखवलं. समवयस्क मूल बघितलेल्या दोन्ही गटांचं पोहणं सुधारलं. पण ‘मलाही जमेल’ हा विश्वास भित्र्या मित्राला बघून जास्त वाढला. म्हणून नवशिक्याला शिकवायला नेहमी चॅम्पियनच लागतो असं नाही. गेल्या महिन्यात शिकलेला शेजारचा बंड्या पुरतो, काका वर दोर धरून असले म्हणजे झालं.

सात काठ्यांचं विद्यापीठ

सोलापूरचं ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर. संक्रांतीच्या दिवसांत त्यांची यात्रा भरते, गड्डा यात्रा. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, मानाचे सात नंदीध्वज, शहरभरच्या 68 लिंगांची प्रदक्षिणा आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. हे नंदीध्वज म्हणजे उंच, जड काठ्या. एकानं त्या कमरेच्या आधारावर पेलून रस्त्यानं चालायचं असतं. ताकद लागतेच, पण तोल जास्त लागतो.

हा तोल कुठल्या पुस्तकातून येत नाही. यात्रेआधी संध्याकाळी सराव चालतो, आणि शिकवणाऱ्या जाणत्यांना इथे मास्तर म्हणतात. काठीचा शेंडा पेलणाऱ्याच्या डोक्याच्या कितीतरी वर असतो. ती कुठे झुकू लागलीय हे भोवतीच्या सोबत्यांना आधी दिसतं. ते सांगतात, हात पुढे करतात, दमलेल्याच्या कमरेवरून काठी दुसऱ्याच्या कमरेवर घेतात. आज जो सांगतोय तो उद्या पेलणारा असतो. आणि पावलं नीट पडू लागली की भोवतीनं ‘हर्र बोला हर्र’चा गजर उठतो. कौतुक, सूचना आणि भक्ती एकाच गर्दीत, एकाच वेळी. सोबत्यांकडून सोबत्यांनी शिकण्याचं याहून देखणं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मद्रासच्या वाळूत

‘मुलांनी मुलांना शिकवावं’ ही कल्पना परदेशातून आली असं वाटत असेल, तर हे वाचा. 1789 च्या सुमारास मद्रासच्या अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिली. त्यांनी ती पद्धत उचलली आणि थोरल्या मुलांकरवी धाकट्यांना शिकवायला सुरुवात केली. 1797 मध्ये त्यांनी लंडनमध्ये हा अनुभव छापला आणि मद्रास पद्धत म्हणून ती इंग्लंडच्या शाळांत पसरली. आपल्या पंतोजींच्या शाळेतही धुळपाटी होती आणि जुनं पोर नव्या पोराचा हात धरून गिरवून घेत होतं. आपण निर्यात केलेली ही वस्तू आहे.

सर्जनच्या हातात टिकटिकी

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधले हाडांचे सर्जन मार्टिन लेव्ही यांना कुत्र्यांना शिकवायचा छंद. तिथली टिकटिकी त्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी वापरली. 2016 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यार्थी 12, कामं दोन: शस्त्रक्रियेतली गाठ मारणं आणि ठरल्या कोनात भोक पाडणं. नुसतं प्रात्यक्षिक बघून शिकलेल्यांपेक्षा टिकटिकीवर शिकलेल्यांचे हात जास्त अचूक चालले. अभ्यास छोटा आहे, पण लेव्हींचा एक मुद्दा मोठा आहे. टिकटिकीमुळे शिकवणाऱ्याचा रागलोभ मधे येत नाही.

आपल्याकडे मुंबईत दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवलाय. नजरेचा उपयोग नाही तिथे स्पर्श आणि आवाज हेच सगळं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या खडखडाटात तर आवाजही चालत नाही. तिथे शिकाऊ माणूस खुणेनं आणि हात धरून तुटलेला धागा सांधायला शिकतो.

26 आणि 5

शेवटचे दोन आकडे. अमेरिकेत 1992 मध्ये मुलांच्या बेसबॉल संघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही प्रशिक्षकांना आधी एक छोटं शिबिर दिलं होतं: जमलेल्या गोष्टीची लगेच दखल घ्या, चुकलं तर धीर देऊन पुढे काय करायचं ते सांगा, अपमान करू नका. बाकीच्यांनी नेहमीसारखं शिकवलं. दोन्हीकडच्या संघांची हारजीत साधारण सारखीच राहिली. पण पुढच्या हंगामात बाकीच्यांच्या हाताखालच्या 26 टक्के मुलांनी खेळच सोडला होता. शिबिर केलेल्यांच्या हाताखालून सोडून गेलेली मुलं होती 5 टक्के.

ते शिबिर साधारण अडीच तासांचं होतं. सोलापूर जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शिक्षण विभागांनी क्रीडाशिक्षकांच्या पुढच्या प्रशिक्षणवर्गात एवढी अडीच तासांची जागा काढावी, आणि शिकवायला वेळापूर-वाडीकुरोलीच्या मैदानावरच्या पोरींनाच बोलवावं.